इंदूरच्या अंगणात अनंत: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

माझा पहिला अनंत अकरा महिन्यांत गेला. जुलैत लावला, दिवाळीपर्यंत शेंड्याची पानं पिवळी पडली, होळीनंतर आलेल्या चार कळ्या न उमलताच गळाल्या आणि पुढच्या जूनमध्ये उपटला तेव्हा हातात आलं ते पिशवीच्या आकाराचं लाल मातीचं ढेकूळ. वर्षभरात एकही मूळ त्या ढेकळाबाहेर पडलं नव्हतं. भोवतालची काळी माती तशीच कोरी. मी मात्र वर्षभर वरून उपाय करत होते. ऊन लागतंय म्हणून सावली केली, खत कमी पडतंय म्हणून शेणखत घातलं, सासूबाईंच्या सांगण्यावरून चुलीची राखही घातली. दुखणं खाली होतं, मातीत आणि पाण्यात.

आज अंगणात तीन अनंत आहेत, त्यातला सर्वांत मोठा माझ्या खांद्याला लागतो. लोकमान्यनगर, राजेंद्रनगरच्या ओळखीच्या घरांतून दरवर्षी कुणीतरी विचारतं, ‘आमचा का जगत नाही हो?’ म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

आधी एका दुसऱ्याच झुडपाबद्दल. ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांनी तिथल्या अंगणात व्हायबर्नम पाहिलेलं असतं. पांढऱ्याशुभ्र फुलांचे चेंडूएवढे गोळे, आणि परत आल्यावर तेच इथे हवं असतं. व्हायबर्नमच्या दीडशेच्या वर जाती आहेत, आपल्या हिमालयातही आहेत, पण जी गोळ्यांची जात मनात भरते तिला कडक थंडीची विश्रांती लागते. इंदूरची थंडी डिसेंबर-जानेवारीत काही रात्री बोचते, तेवढ्याने तिचं भागत नाही. पुढे एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणारं ऊन आणि लू. काही सदाहरित जाती उष्ण हवेत तगतात, तरी नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय त्या गोळ्यांना वास जवळजवळ नसतो. पांढरं फूल, गर्द हिरवं सदाहरित झुडूप आणि वर सुगंध हवा असेल, तर अनंत लावा. तोही मूळचा चीन-जपानकडचा, पण इतक्या पिढ्या आपल्या अंगणात आहे की त्याला परका म्हणवत नाही. त्याच्या कुळातलं अस्सल देशी झाड तुमच्या घरात नाव न कळता येऊन गेलेलं असेल: बाळाच्या पोटाला लावतात ती डिकेमाली म्हणजे अनंताच्याच भावंडाचा डिंक.

रोप निवडताना

इंदूरच्या रोपवाटिकेत ‘अनंत’ म्हटलं तर माळी तुमच्याकडे बघत राहील. ‘गंधराज’ म्हणा. आणि दाखवलेल्या रोपाचं एक जुनं पान तोडून बघा. पांढरा चीक आला तर ती दुहेरी तगर आहे, इथे जिला चांदनी म्हणतात. लांबून फूल सारखं दिसतं, त्यामुळे गल्लत सहज होते. अनंताला चीक नसतो. त्याची पानं चकचकीत, शिरा खोल उमटलेल्या, आणि फांदीवर जोडीने किंवा तीन-तीन मिळून येतात.

फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका. जागा बदलली की अनंत कळ्या टाकतो, आणि घरी आल्यावर आठ दिवसांत तुमचं मन खट्टू होईल. फूट-दीड फुटाचं, खालपासून फांद्या फुटलेलं, शेंड्याची पानं हिरवीगार असलेलं रोप घ्या. शेंड्यालाच पिवळेपणा असेल तर ते रोप कितीही भरगच्च असो, तिथेच ठेवा.

वेळ: पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडून गेले की, म्हणजे जूनअखेर ते जुलै. हुकली तर फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आणलेलं रोप वाचवण्यात सगळा उन्हाळा जातो.

जमीन ओळखा: दोन चाचण्या

‘मालव भूमि गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ हे माळव्याच्या काळ्या मातीचं कौतुक अगदी खरं आहे, पण ते गहू आणि सोयाबीनच्या शेताला शोभतं. अनंताला आंबट माती लागते, सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकी आंबट) ५ ते ६.५ च्या दरम्यान. आपली काळी माती बहुधा साडेसात-आठच्या घरात असते, आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे असतात. वर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. त्या भेगांत अनंताची केसासारखी बारीक मुळं तुटतात.

पहिली चाचणी: फूटभर खोलीवरची मूठभर माती उन्हात वाळवा, बशीत घेऊन तिच्यावर स्वयंपाकाचं व्हिनेगर ओता. कान जवळ नेऊन ऐका. सोडा टाकल्यासारखं फसफसलं तर चुनखडी भरपूर आहे. अशा जमिनीत थेट लावण्याचा विचार सोडून द्या. नाही फसफसलं तरी माती आंबट आहे असा अर्थ होत नाही.

दुसरी: दीड फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरा. जिरला की पुन्हा भरा. दुसऱ्या खेपेचं पाणी चार-पाच तासांत जिरायला हवं. माझ्या अंगणात ते दुसऱ्या दिवशी सकाळीही होतं, आणि त्यात माझा उतरलेला चेहरा दिसत होता.

इथे बहुतेक जण एक चूक करतात, मीही केली. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात छान भुसभुशीत मिश्रण भरायचं. ऐकायला बरोबर वाटतं, पण तो खड्डा म्हणजे हौद होतो. चारी बाजूंची चिकणमाती पाणी सोडत नाही, श्रावणातल्या झडीत सगळं पाणी त्या मऊ मिश्रणात येऊन साचतं आणि मुळं गुदमरून कुजतात. त्यात दोन घमेली रेती मिसळूनही काही साधत नाही. थोडी रेती आणि चिकणमाती मिळून वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते.

म्हणून खाली जाऊ नका, वर या. तीन फूट लांब-रुंद आणि सव्वा फूट उंच ओटा करा. कडेला सुट्या विटा किंवा काळे दगड रचा, सिमेंट लावू नका. सिमेंटमधला चुना पावसाबरोबर मातीत उतरतो. याच कारणाने नव्या प्लास्टरच्या भिंतीपासून अनंत किमान तीन फूट लांब हवा. माझा पहिला अनंत नव्या कंपाउंडला खेटून होता. ओट्याखालची जमीन काट्याने नुसती मोकळी करून घ्या आणि वर मिश्रण भरा.

जागा कमी असेल किंवा घर भाड्याचं असेल तर कुंडी उत्तम. सुरुवात बारा इंची कुंडीने करा, दोन वर्षांनी सोळा इंची. एकदम मोठ्या कुंडीत छोटं रोप लावलं की रिकामी माती ओली राहून मुळं कुजतात. पहिल्यांदाच लावणार असाल तर माझा कौल कुंडीलाच आहे. चुकलं तर उचलून सावलीत नेता येतं.

मिश्रण आणि इंदूरचं स्वतःचं खत

दहा पाट्यांचं माप सांगते. चार पाट्या कोकोपीट, तीन पाट्या पालापाचोळ्याचं कुजलेलं खत, दोन पाट्या नारळाच्या शेंडीचे बोटभर तुकडे आणि एक पाटी जाड, धुतलेली नदीची रेती. काळी माती अजिबात नाही. कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी फेकून आणखी दोनदा धुवा, कारण त्यात बरेचदा क्षार उरलेले असतात.

पालापाचोळ्याच्या खतावर जरा थांबते, कारण ही गोष्ट आपल्या गावची आहे. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे वनस्पती-संशोधन संस्थेचे संचालक होते. होळकर दरबाराने त्यासाठी जमीन दिली होती, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. शेतातला काडीकचरा आणि शेण थर देऊन कुजवण्याची जी पद्धत त्यांनी तिथे बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्यांच्याबरोबर काम करणारे आणि १९३१ मध्ये हे सगळं लिहून प्रसिद्ध करताना सहलेखक असणारे यशवंत वाड हे होते. आपल्या शहराचं नाव जगातल्या बागवानांच्या तोंडी आहे याचा मला फार अभिमान वाटतो, आणि इंदुरातच ते फारसं कुणाला ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं.

घरच्या मापात ती पद्धत अशी: चार विटांच्या आडोशात वीतभर सुका पाला, त्यावर पातळ कालवलेल्या शेणाचा शिडकावा, मूठभर जुनं खत किंवा माती, पुन्हा पाला. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवायचा. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने आणि पुढे दुसऱ्या महिन्याच्या शेवटी उलथायचा. तीन महिन्यांत काळं, जंगलातल्या मातीचा वास येणारं खत हाती येतं. मूळ पद्धतीत लाकडाची राखही घालतात. अनंतासाठी करत असाल तर राख वगळा, ती सामू वर नेते. त्याच कारणाने अंड्याची टरफलं, हाडांचं खत आणि चुना अनंताच्या जवळपासही नको. गुलाबाला जे मानवतं ते याला मानवेलच असं नाही.

लावणी

रोपवाटिकेतला बराच माल आंध्रातल्या कडियमकडून येतो, आणि त्याच्या मुळाशी चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच लावला तर काय होतं ते वर सांगितलंच. पिशवी कापा, गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग बोटांनी बाहेरची निम्मी माती हळूहळू धुवून काढा. गोल गोल फिरलेली मुळं सोडवा, न सुटणारी कात्रीने कापा. मधला गोळा राहू द्या. हे काम संध्याकाळी करा आणि लगेच लावा.

खोड पिशवीत जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, किंबहुना अर्धा इंच वरच. मिश्रण पुढे बसतं आणि रोप खाली जातं. भोवती हलक्या हाताने दाबा, भरपूर पाणी द्या आणि दहा दिवस सावलीत ठेवा.

जागा पूर्वेची. सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमेच्या गच्चीवर मे महिन्यात पानांच्या कडा भाजतात, तिथे हिरवी जाळी लावावीच लागेल. ओट्यावर दोन इंच सुका पाला पसरा, पण खोडाभोवती तीन बोटं जागा मोकळी सोडा.

पाणी

अनंताचं निम्मं आयुष्य पाण्यावर ठरतं. किती पाणी यापेक्षाही कुठलं पाणी, यावर.

बोअरचं पाणी ज्या बादलीत रोज भरता तिचा काठ बघा. पांढरा खरखरीत थर दिसतो ना? तोच चुना रोज थोडा थोडा कुंडीत जमतो. तुम्ही कितीही आंबट मिश्रण करा, दोन वर्षांत बोअरचं पाणी त्याला काळ्या मातीच्या पंगतीला नेऊन बसवतं. नळाला येणारं नर्मदेचं पाणी त्या मानाने सौम्य. नळ येतो त्या दिवशी अनंतासाठी दोन बादल्या वेगळ्या भरून ठेवा, बाकी झाडांना बोअर चालेल. सगळ्यात चांगलं पावसाचं. गच्चीचा पहिला पाऊस जाऊ द्या, मग पन्हाळीखाली झाकणाचा पिंप ठेवा. झाकण घट्ट हवं, नाहीतर डास होतात. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही गोळा करा. त्यात क्षार नसतात, आणि नेमकं मे महिन्यात, गरज असते तेव्हाच ते मिळतं. आमच्याकडे रात्रीतून अर्धी बादली भरते.

एक पाणी मात्र कधीही घालू नका: आरओ यंत्राचं वाया जाणारं. पाणी वाचवायचं म्हणून अनेक घरांत ते झाडांना देतात. हेतू चांगला आहे, पण गाळलेल्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. त्याने फरशी पुसा.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. वरचा इंच सुका आणि खाली गारवा लागला की पाणी द्यायची वेळ झाली. कुंडीला मेमध्ये रोज सकाळी, थंडीत तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात बहुतेक नाहीच. देताना कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत द्या आणि खालच्या बशीत साचलेलं ओतून टाका.

पान पिवळं पडलं तर आधी कुठलं ते बघा

हे नीट शिकून घ्या, कारण पिवळं पान दिसलं की हात आपोआप खताकडे जातो.

एक पान तोडून उजेडासमोर धरा. शेंड्याचं, कोवळं पान पिवळं आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी स्पष्ट दिसते आहे: हे लोह न मिळाल्याचं लक्षण. मातीत लोह असतं, पण सामू वाढला की ते मुळांना घेता येत नाही. इंदुरात दहातल्या आठ-नऊ तक्रारी मी तरी याच पाहिल्या. खालची जुनी पानं शिरांसकट सगळीच फिकट झाली असतील तर नत्र कमी आहे. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरला असेल तर मॅग्नेशियम. वसंतात एक-दोन जुनी पानं एकदम पिवळी होऊन गळाली तर काहीच करू नका, झाड जुने कपडे टाकतं आहे. आणि जानेवारीत थोडा पिवळेपणा येतोच. माती गार असली की मुळं मंदावतात, होळीपर्यंत रंग परत येतो.

लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. खत-बियाण्याच्या दुकानात मिळते. खडे फिकट हिरवे असले पाहिजेत. तपकिरी-पिवळे झालेले असतील तर ते कामाचे नाहीत. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, मग पाच ग्रॅम हिराकस, आणि गाळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारा. पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा. कुंडी आधी फरशीवरून बाजूला घ्या, कोटा फरशीवर पडलेले गंजाचे डाग निघत नाहीत. चुनखडीच्या मातीत हिराकस नुसती टाकून उपयोग होत नाही, ती लगेच बांधली जाते. मातीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए असं लिहिलेलं चिलेटेड लोह मागा, ते जास्त सामूतही टिकतं. साधं ईडीटीए स्वस्त असतं, पण आपल्या मातीत निकामी ठरतं. मात्रा पाकिटावर असेल तेवढीच.

फवारणीने आधी फुटलेली पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नवी पालवी बघा. ती हिरवी आली म्हणजे जमलं. पण पाणी बदललं नाही तर तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

खत म्हणाल तर फेब्रुवारी ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, बारा इंची कुंडीला एक छोटा चमचा अमोनियम सल्फेट दोन लिटर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत. त्याने नत्रही मिळतं आणि सामूही खाली राहतो. अधूनमधून मूठभर गांडूळखत. चहाचा चोथा घालायचा तर दूध-साखर धुवून, वाळवून घाला. त्याने माती आंबट होते हा समज मोठा आहे, परिणाम फार लहान.

कळ्या

मार्च-एप्रिलमध्ये शेंड्यांवर पीळ दिलेल्या हिरव्या कळ्या येतात. त्या गळण्याचं पहिलं कारण अनियमित पाणी: दोन दिवस विसरायचं आणि तिसऱ्या दिवशी बादली ओतायची. दुसरं, कोरडा गरम वारा. तिसरं, कुंडी हलवणं. कळी दिसली की कुंडी जिथे आहे तिथेच राहू द्या, दिशाही फिरवू नका. कळी गळत नाही पण तपकिरी होऊन मिटलेलीच राहते, अशी असेल तर ती उलगडून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक लांबट किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. तशा सगळ्या कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका आणि कडुनिंबाचं तेल फवारा: लिटरभर पाण्यात पाच मिली तेल आणि चार थेंब भांडी धुण्याचं द्रावण. हेच मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकणालाही. पानांवर काजळीसारखा काळा थर दिसला तर पानाची खालची बाजू बघा, माशी तिथे असते. खोडावर मुंग्यांची रांग लागली की कीड आहेच असं समजा.

फूल सकाळी लवकर, देठाला धरून तोडा. पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी ठसा उमटतो. वाटीत पाणी घालून ठेवलं तर पहिल्या दिवशी दुधासारखं पांढरं, दुसऱ्या दिवशी लोण्याच्या रंगाचं, आणि वास दोन्ही दिवस घरभर.

छाटणी आणि नवी रोपं

बहर ओसरला की लगेच छाटा, फार तर ऑगस्टअखेरपर्यंत. पुढच्या वर्षाच्या कळ्या आता फुटणाऱ्या फांद्यांच्या टोकांवर येतात. दिवाळीच्या साफसफाईत झाड ‘नीटनेटकं’ केलं तर पुढचा बहर तुम्हीच कापलात. एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

त्याच छाटलेल्या फांद्यांतून रोपं करा. पेन्सिलीएवढी जाड नको, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडी जाड, अर्धवट पिकलेली, पाच इंचांची. खालची पानं काढा, वरच्या दोन जोड्या ठेवून ती पानं अर्धी कापा. ओल्या कोकोपीट-रेतीत दोन इंच खोचा, वरून पारदर्शक बाटली कापून उपडी घाला, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. बाटलीच्या आतून दव दिसत राहिलं पाहिजे. सहा ते आठ आठवड्यांत हलकं ओढून बघा. हाताला विरोध जाणवला की मुळं धरली. पाचातल्या दोन-तीन लागल्या तरी चांगलं समजा. बाटली एकदम काढू नका, आठवडाभर रोज थोडा वेळ उघडी ठेवा. पहिल्या वसंतात या रोपांना कळ्या आल्या तर मन घट्ट करून खुडा, त्या वर्षी त्यांना मुळं आणि फांद्या वाढवू द्या. दुसऱ्या वर्षी फुलं येतात.